मोटरबोटवाल्यांना कयाक दिसते का? त्यांच्यापासून जपायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही राखाडी-निळी कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, घेतलीय, सोबत नेव्ही ब्लू लाइफ जॅकेट. मागच्या खेपेला मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी एक स्पीडबोट तुमच्यापासून दहा-बारा मीटरवरून सुसाट गेली. आता नाताळच्या सुट्टीत पुन्हा यायचंय. बोटवाल्यांना आपण दिसतो का, आणि दिसावं म्हणून झेंडा लावू, शिट्टी घेऊ की दिवा?

दिसत नाही. निदान तुम्हाला वाटतं तितके तर नाहीच. हे मी ठामपणे सांगतो, कारण मी एकदा पलीकडच्या बाजूला बसून पाहिलंय.

मी मालवणचा, आठेक वर्षं कयाक वल्हवतोय. चार वर्षांपूर्वी संगमाजवळच बनाना राइडची बोट माझ्या मागून इतक्या जवळून गेली की तिच्या लाटेनं मी उपडा झालो. चालवणारा पोरगा लगेच वळून आला, मला आणि कयाकला धरून राहिला. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू दिसलसच नाय. माका वाटला, जाळ्याचो बोयो आसा." म्हणजे जाळ्याचा तरंगता गोळा. मला ती थाप वाटली. तर तो म्हणाला, "उद्या ये आणि माझ्या जागेर बस."

दुसऱ्या दिवशी गेलो. माझा मित्र माझी गडद निळी कयाक घेऊन पाण्यात, अंगात काळं जॅकेट, हातात काळ्या पात्यांचं पॅडल, म्हणजे वल्हं. मी बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या दांड्याशी. सकाळी आठला पाणी तेलासारखं सपाट होतं, बोटीत आम्ही दोघंच. तीन-चारशे मीटरवर मित्र दिसत होता, पण 'मित्र' म्हणून नाही. एक काळा ठिपका, बाजूला अधूनमधून काहीतरी लुकलुकतंय. कुठं बघायचं हे ठाऊक होतं म्हणून सापडला. मग पोरानं इंजिन ओढलं आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं गेलं. ती पाण्यावर सपाट बसेपर्यंतचे काही क्षण समोर फक्त बोट आणि आभाळ. त्या क्षणांत मित्र कुठं होता, देवाला माहीत.

दहा वाजता पर्यटक आले. माझ्यासमोर बारा माणसं, बारा फुगीर नारिंगी जॅकेटं, दोन मोठ्या टोप्या आणि एक उभं राहून व्हिडिओ काढणारे काका. आपल्याकडच्या बऱ्याच बोटींत चालवणारा मागे बसतो आणि गिऱ्हाईक पुढे, हे आपण विसरतो. त्याला समुद्र दिसतो तो माणसांच्या फटीतून. डॉल्फिन दाखवायला निघालेला असेल तर त्याचे डोळे डॉल्फिनवर असतात आणि सगळी माणसं एका बाजूला झुकलेली. बनाना राइड ओढत असेल तर तो दर दोन सेकंदांनी मागे बघतो, कारण मागचं कोणी पडलं तर जबाबदारी त्याची. तुमच्या बाजूनं जाणारा तो बहुधा मागेच बघत असणार.

म्हणून सगळ्यांना बेपर्वा म्हणायला मी आता तयार नाही. बेपर्वा आहेतच, एकतीस डिसेंबरच्या आसपास तर हमखास, पण तुमचा जीव मुख्यतः न दिसण्यामुळे धोक्यात आहे. तुम्ही बसलेले असता, डोळे पाण्यापासून जेमतेम ऐंशी सेंटिमीटर वर. तेवढ्या उंचीवरूनही क्षितिज तीन किलोमीटरवर असतं, त्यामुळे येणारी बोट तुम्हाला लांबूनच स्वच्छ दिसते, आणि मनात येतं की मला ती दिसते म्हणजे तिला मी दिसतो. हा हिशेब उलटा लागू होत नाही. दुपारी खारा वारा सुटला आणि हातभर लाटा उठल्या की दोन लाटांमधल्या खळग्यात तुम्ही बरेचसे गडप होता.

आता गणित. पर्यटकांची बोट 20 नॉटनं, म्हणजे ताशी 37 किलोमीटरनं येतेय असं धरा. सेकंदाला दहा मीटर. तुम्ही आरामात वल्हवताना सेकंदाला दीड मीटर. बोटींचा जाण्यायेण्याचा पट्टा दीडशे मीटर रुंद असेल तर तो ओलांडायला तुम्हाला शंभर सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बोट एक किलोमीटर कापते. म्हणून पट्टा ओलांडताना दोन्ही बाजूंना किलोमीटरभर मोकळं हवं. नसेल तर थांबा. आणि ओलांडाल तेव्हा काटकोनात, सरळ. तिरकं जायचा मोह होतो, कारण जायचं ठिकाण तिकडे असतं. चौघं-पाचजण असाल तर एकामागे एक मुंग्यांची रांग नको. शेजारीशेजारी, एका घोळक्यात ओलांडा. पाच कयाक मिळून एक मोठी वस्तू दिसते, शिवाय मधल्या फटीतून बोट घालायचा कुणाला मोह होत नाही.

हा पट्टा नेमका कुठं, हे देवबागला भरती-ओहोटीवर ठरतं. ओहोटीला वाळूचे दांडे वर येतात आणि बोटी खोल पाण्यातूनच जातात, कारण पंखा वाळूत घासला तर दुरुस्तीचा खर्च मालकाचा. तेव्हा तुम्ही गुडघाभर पाण्यावरून दांड्याच्या कडेनं निवांत जाऊ शकता. भरतीला मात्र तेच दांडे बुडतात आणि बोटी कुठूनही येतात. नवखे लोक नेमके भरतीला निर्धास्त असतात, कारण पाणी शांत आणि भरलेलं दिसतं.

बोट तुमच्यावरच येतेय का, हे ओळखायची एक जुनी खूण आहे. कयाकची दिशा आणि वेग कायम ठेवा आणि बोट आपल्या कुठल्या बाजूला दिसते ते पाहा. ती पुढे किंवा मागे सरकत असेल तर ठीक. एकाच जागी राहून नुसती मोठी होत असेल तर टक्कर ठरलेली आहे. आणि दुसरी खूण, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली: आपली सावली बघा. सावली बोटीकडे पडत असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी आहे, म्हणजे बोटवाला थेट उन्हात बघतोय आणि तुम्ही चकाकणाऱ्या पाण्यात विरघळलेले आहात. तुम्हाला तो अगदी लख्ख दिसेल, त्याच्या कपाळाला हात लावलेला सुद्धा. आमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्राकडे निघालेल्या बोटींसमोर हे रोज घडतं.

रंगांचं सांगतो. त्या दिवशीच्या खेळात आम्ही मित्राला नंतर माझ्या बहिणीचा पोपटी रेनकोट घातला, पॅडलच्या पात्यांना पिवळी चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा पाठवलं. कयाकचा रंग जवळजवळ कुचकामी ठरला, कारण ती पाण्यात बसते. रेनकोट बराच लांबून दिसला. पण सगळ्यात आधी दिसली ती पाती. ती उंच जातात, हलतात, ओली असल्यानं चमकतात, आणि डोळा हालचाल आधी टिपतो. तेव्हा तुमच्या राखाडी-निळ्या कयाकबद्दल हळहळू नका. पैसे पात्यांवर आणि अंगावरच्या कपड्यांवर घाला. पिवळा, नारिंगी, पोपटी यांपैकी काहीही चालेल. पांढरा नको, तो लाटेच्या फेसात मिसळतो. लाल दुपारी बरा, पण उजेड कमी झाला की सगळ्यात आधी लालच काळपट पडतो. डोक्यावर भडक टोपी हवीच, कारण लाटांमधून वर उरतं ते डोकं. मागे काठीवर झेंडा लावलात तर उपयोग होतो, फक्त वारं लागलं की तो कयाकचं शेपूट फिरवतो, म्हणून काठी उंच आणि कापड लहान ठेवा.

शिट्टी घ्या, पण ती आपल्या सोबत्यांसाठी. बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला ती ऐकू येणार नाही, मी बसलोय. दिव्याबाबत आंतरराष्ट्रीय नियम साधा आहे: वल्ह्यांच्या होडीवर कायमचा दिवा नसेल तर पांढऱ्या उजेडाची विजेरी हाताशी हवी आणि टक्कर टाळता येईल इतक्या वेळेत ती दाखवायला हवी. हाताशी म्हणजे जॅकेटला दोरीनं बांधलेली, मागच्या कप्प्यात बॅगेतल्या बॅगेत नव्हे. लुकलुकणारा झगझगीत दिवा नुसतं लक्ष वेधायला वापरू नका, त्यानं बघणाऱ्याचा गोंधळ होतो. तो खऱ्या संकटासाठी ठेवा. डोक्याला लावायची विजेरी सतत चालू ठेवलीत तर तुमचेच डोळे दिपतील.

आणि 'बिनइंजिनाच्या होडीला आधी वाट' हे जे सगळे सांगतात त्यावर विसंबू नका. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या त्या आंतरराष्ट्रीय नियमांत कोण कुणाला वाट देईल याची जी उतरंड आहे, तीत शिडाच्या होडीचं नाव आहे, मासेमारी करणाऱ्या बोटीचं आहे, वल्ह्याच्या होडीचं नाही. उलट अरुंद वाटेत 20 मीटरपेक्षा लहान होडीनं, जिला ती वाट सोडता येत नाही अशा मोठ्या जहाजाला अडथळा करू नये असं म्हटलंय. प्रत्येकानं सतत नजर ठेवायची, हा नियम मात्र सगळ्यांना आहे. तुम्हालाही. मी दर मिनिटाला मान वळवून मागे बघतो. गाडीला आरसा असतो, कयाकला नसतो.

तरीही बोट अंगावर आलीच तर? आधी कयाक बोटीला आडवी करा. समोरून कयाक दोन-अडीच फुटांची दिसते, बाजूनं दहा-बारा फुटांची. पॅडल उभं धरून डोक्यावर उंच न्या, पात्याचा सपाट भाग बोटवाल्याकडे, आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. सावकाश, मोठ्ठं. त्याची नाळ जरा जरी वळली तरी समजा की त्यानं पाहिलं. नाही वळली तर त्याच्या वाटेपासून काटकोनात, एकाच दिशेनं जोर लावून निघा. मागेपुढे करू नका, कारण शेवटच्या क्षणी त्यानं तुम्हाला पाहिलं तर तुम्ही कुठं जाताय हे त्याला कळायला हवं. ती निघून गेली की लगेच कयाकचं तोंड तिच्या लाटेकडे करा. मी उपडा झालो तो बोटीमुळे नव्हे, आडव्यानं घेतलेल्या लाटेमुळे.

पण हे सगळं दुय्यम आहे, अंतर पहिलं. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात काय झालं ते आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही शंभरावर माणसांची फेरीबोट, दिवसाढवळ्या, आणि तिला नौदलाची इंजिन चाचणीवर असलेली वेगवान बोट धडकली. ताबा सुटला होता असं तेव्हा सांगितलं गेलं. तिथं न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनच ऐकत नसेल तर तुमचं पोपटी जॅकेट काय करणार? म्हणून स्पीडबोटी जिथं गोल गोल फिरतात, त्या भागाच्या जवळूनही मी जात नाही, वाट दुप्पट झाली तरी.

एक गोष्ट फुकटची आहे आणि पुण्यामुंबईचे लोक ती कधी करत नाहीत. पाण्यात उतरायच्या आधी जेटीवर जा, बोटवाल्यांबरोबर चहा घ्या, कयाक दाखवा आणि कुठून कुठं, किती वाजेपर्यंत जाणार ते सांगा. त्यांचे आपसात फोन चालू असतात, दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. मी उपडा झालो त्या घटनेनंतर मी पिवळी पाती घेतली आणि रोज नमस्कार-चमत्कार सुरू केला. आता मला तिथं 'पिवळो' म्हणतात आणि लांबून हात करतात. हात केला म्हणजे दिसलो.

कोणी खरंच माजोरीपणा केला तर भांडत बसू नका. बोटीवरचा नंबर आणि वेळ टिपा आणि बंदर खात्याच्या कार्यालयात लेखी द्या. जिवावर बेतलं तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये हवा, आणि फोन पाणीबंद पिशवीत, गळ्यात.

राहिला तुमचा नाताळचा बेत. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी दहा ते पाच या वेळात संगमावर जाऊ नका, मी स्वतः जात नाही. उजाडल्याबरोबर उतरा. तेव्हा मतलई वारा असतो, बोटी अजून किनाऱ्यावर असतात. हा वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो, म्हणून जाताना सोपं वाटलं तरी परतीचा दम राखून ठेवा. नऊला बाहेर या. नंतर हौस उरली तर कर्ली नदीत वरच्या अंगाला निघा, तिकडे गर्दी विरळ होत जाते. आणि ते नेव्ही ब्लू जॅकेट दुकानदार बदलून देत असेल तर आजच बदला. देत नसेल तर त्यावर पोपटी टी-शर्ट घालायचा विचार करू नका, पट्टे आणि बकल झाकले जातात आणि कुणाला तुम्हाला धरून ओढायचं झालं तर हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा खांद्यांवर भडक नारिंगी कापडाचे दोन रुंद पट्टे शिवून घ्या. आमच्या इथल्या शिंप्यानं माझ्या जुन्या जॅकेटला ते अर्ध्या तासात शिवून दिले होते.