डिझाइन टीमचा लीड झाल्यावर स्वतःचा राग, मत्सर आणि लोभ कसा आवरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲप बनवणाऱ्या कंपनीत सहा डिझायनरांचे लीड होऊन तुम्हाला चार महिने झाले. रिव्ह्यूमध्ये तोल जातो, ज्युनिअरचं काम आपल्यापेक्षा सरस झालं की मनात खुपतं, वरिष्ठांसमोर तोंडात ‘मी’ येतो, आणि टार्गेटपायी ग्राहकाला गंडवणारे स्क्रीन तुमच्या हातून पास होतात. स्वतःला सुधारायचं कसं, आणि टीम सचोटीने चालवायची कशी?

हे कबूल करणं सोपं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे षड्रिपू लहानपणापासून पाठ असतात. त्यातले क्रोध, मद, मत्सर आणि लोभ डिझाइनच्या कामात दिवसभर पसरलेले नसतात, ते ठरावीक जागी डोकं वर काढतात: रिव्ह्यूत, दुसऱ्याची फाईल उघडताना, वरिष्ठांपुढे काम मांडताना आणि तिमाही संपत आली की. स्वभाव बदलायला वर्षं लागतात, आणि तोवर सहा जणांनी तो सोसत बसावं हे बरोबर नाही. त्यामुळे आधी या चार जागांची रीत बदला. स्वभावावरचं काम त्यासोबत चालू राहू दे.

रिव्ह्यूपासून सुरुवात करा. पंचेचाळीस मिनिटांत दोनच कामं घ्या, तिसरं नको. ज्याचं काम आहे त्याने पाच मिनिटांत सांगायचं: हे कोणासाठी आहे, अडचण कोणती, काय पक्कं झालंय आणि आज कशावर मत हवंय. मग चार मिनिटं सगळे गप्प बसून लिहितील. मग बोलायची पाळी, आणि तिची सुरुवात टीममधल्या सगळ्यात नव्या माणसापासून. लीड सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच: लीडने नुसतं ‘हं’ म्हणत नाक मुरडलं तरी पुढचे पाच जण तेच मत वेगवेगळ्या शब्दांत मांडतात, आणि ज्याला खरी चूक दिसलेली असते तो गप्प बसतो.

शेरा कसा द्यायचा तेही ठरवून घ्या. ‘हे जमलेलं नाही’, ‘फील येत नाही’ असले शेरे बंद. शेऱ्यात जागा, माणूस आणि परिणाम या तिन्ही गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ: ‘पेन्शनच्या फॉर्मवर ओटीपीच्या रकान्यात बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो आणि “पुढे” बटण त्याच्यामागे जातं, सत्तरीतल्या माणसाला वाटेल ॲप अडकलं.’ या शेऱ्यात बनवणाऱ्याचा अपमान करायला जागाच उरत नाही. राग असेल तरी त्याला बसायला वाक्य सापडत नाही.

रागाचं कारणही नीट तपासा. बऱ्याचदा काम वाईट असतं म्हणून लीड भडकत नाही, चूक उशिरा दिसली म्हणून भडकतो. परवा डेव्हलपरकडे फाईल द्यायची आणि आज कळतं की मूळ मांडणीच चुकली. त्याला उपाय एकच: काम एक-तृतीयांश झालेलं असताना पहिला रिव्ह्यू, अगदी कच्च्या चौकटींवर. रंग आणि फॉन्ट तिथे निघू द्यायचे नाहीत. रात्री आठनंतर सुचलेले शेरे लिहून ठेवा, पण पाठवा सकाळी. निम्मे तुम्ही स्वतःच खोडाल. आणि चारचौघांत कोणावर ओरडलात, तर माफीही चारचौघांत, दुसऱ्या दिवसाच्या आत, आणि त्यात ‘पण’ नको. इथे बहुतेक लीड चुकतात: अपमान सगळ्यांसमोर, माफी कॉफी मशीनपाशी एकट्याला. बाकीच्या पाच जणांनी फक्त अपमान पाहिलेला असतो.

मत्सर ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तो ‘क्वालिटी’चा मुखवटा घालून येतो. त्याची खूण सांगतो. ज्युनिअरची फाईल रात्री उघडून तुम्ही बटणं इकडची तिकडे करता, चिन्हं बदलता, आणि सकाळी तिला तिचंच काम ओळखू येत नाही. नियम करा: दुसऱ्याच्या मूळ फ्रेमला हात लावायचा नाही. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पानाची प्रत काढा, प्रतीला स्वतःचं नाव द्या, बदल तिथे करा, प्रत्येक बदलाखाली एका ओळीत कारण लिहा. कोणता बदल घ्यायचा ते जिचं काम आहे ती ठरवेल. कारण लिहिताच आलं नाही, तर तो बदल बहुधा तुमच्या आवडीपुरता होता.

दुसरी खूण कामवाटपात दिसते. एक साधी शीट ठेवा: तारीख, काम, कोणाला दिलं. तीन महिन्यांनी पाहा. नवं फीचर कोणाला मिळालं आणि सणाचे बॅनर दहा मापांत बसवायचं काम कोणाकडे गेलं? सगळ्यात हुशार माणूस सलग बॅनरच करत असेल, तर शीट तुमच्याबद्दल काहीतरी सांगते आहे. ती टीमला उघडी ठेवा.

श्रेयाचं सोपं आहे, फक्त मन मोठं लागतं. ज्याने काम केलं त्याने मांडायचं. लीडनेच बोलायचं असा वरून आग्रह असेल, तर पहिल्याच स्लाइडवर नावं आणि नावापुढे काम: मुलाखती कोणी घेतल्या, मांडणी कोणाची, मजकूर कोणाचा, चित्रं कोणाची. ‘टीमने केलं’ हे वाक्य नम्र वाटतं, पण ऐकणारा ते तुमच्याच खात्यावर जमा करतो. कायदासुद्धा मालकी आणि कर्तृत्व वेगळं धरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालक सहसा कंपनी असते, पण कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यानंतरही ‘हे मी केलं’ म्हणायचा अधिकार कर्त्याकडे राहतो. याच कलमावर शिल्पकार अमरनाथ सहगल लढले होते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तुमच्या टीममधला कोणी नोकरी सोडताना पोर्टफोलिओत काय दाखवू शकतो ते लेखी द्या. तोंडी ‘बघू’ म्हणून त्याला लटकवू नका.

आता लोभ. इथे तुमच्या दोषाची किंमत अनोळखी लोक मोजतात, म्हणून माझ्या मते इथे सगळ्यात कडक राहायला हवं. आपल्या देशात हा आता नुसता सद्सद्विवेकाचा विषय राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले. खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा, किंमत थेंबाथेंबाने उघड करणं हे त्यातलेच. ती यादी छापून टीमच्या भिंतीवर लावा.

मग स्क्रीन तपासा, अगदी जवळून. ‘फक्त २ शिल्लक’ लिहिलंय? डेव्हलपरला विचारा, हा आकडा साठ्यातून येतो की कोडमध्ये हाताने बसवलाय. चेकआउटवर विम्याची किंवा देणगीची खूण आधीच लावलेली आहे? काढा. नकाराच्या बटणावर ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ लिहिलंय? ‘नको’ पुरे. योजना घ्यायला किती टॅप लागतात ते मोजा, रद्द करायला किती ते मोजा, दोन्ही आकडे शेजारी लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ६ मध्ये संमतीबाबत हेच तत्त्व आहे: जितक्या सहज दिली तितक्या सहज मागे घेता आली पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर लावलेल्या दाव्यात प्राइम हे सबस्क्रिप्शन रद्द करण्याच्या वाटेचं असंच मोजमाप होतं: चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटलं; कंपनीने दोष मान्य केला नाही. ती चार पानंही कुठल्या तरी डिझायनरांनीच काढली होती.

पैसा किंवा संमती गुंतलेल्या प्रत्येक वाटेची चाचणी पाच जणांवर घ्या, आणि ती घेण्याआधी पास-नापासची अट लिहून ठेवा. अट अशी: बटण दाबण्याआधी थांबवून विचारायचं, ‘आता काय होईल? एकूण किती रुपये जातील?’ पाचही जणांनी बरोबर सांगायला हवं. अट आधी का लिहायची? चाचणीनंतर लिहिली की मोह होतो. तीन जण चुकले तरी ‘दोघांना तर कळलं’ असं वाक्य अहवालात शिरतं.

प्रॉडक्ट मॅनेजरशी बोलताना मात्र नीतीवर प्रवचन देऊ नका, तो बचावाच्या पवित्र्यात जाईल. परताव्याच्या विनंत्या, सपोर्टकडे आलेल्या तक्रारी आणि एक-तारा रिव्ह्यू त्याच्यासमोर ठेवा, आणि सोबत पर्यायी स्क्रीन तयार ठेवा. रद्द करण्याच्या पानावर ‘दोन महिने थांबवा’ हा पर्याय खुशाल द्या, पण ‘रद्द करा’ त्याच मापात, त्याच ठळकपणे, त्याच पानावर. रिकाम्या हाताने गेलात तर तुमचा ‘नाही’ हट्ट ठरतो.

दबाव आल्यावर नकार कसा विरघळतो याचं नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाइतकं स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाची बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं होतं की ५३ अंश फॅरनहाइटखाली उड्डाण नको, रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, ओ-रिंग, थंडीत दगा देऊ शकतात. नासाने नापसंती दाखवली, तेव्हा कंपनीने चर्चा थोडा वेळ थांबवून आपसात बोलणं केलं. त्यात इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष बॉब लुंड यांना वरिष्ठांनी इंजिनिअरची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं. शेवटचं मत फक्त चार व्यवस्थापकांचं घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर लगेच यान फुटलं आणि त्यातले सात जण गेले. तुमचं काम जिवावर बेतणारं नसेल, पण यंत्रणा तीच असते: ‘जरा ब्रेक घेऊ’, आणि ब्रेकनंतर नकार देणारे खोलीत नसतात. म्हणून नियम करा, की ज्याने आक्षेप नोंदवला त्याच्या गैरहजेरीत तो मागे घेतला जाणार नाही. घेतलाच तर कोणी आणि का, ते तारखेसह लेखी.

कामवासनेबद्दल थोडक्यात, कारण इथे चर्चेला फारशी जागा नाही. ज्यांचं अप्रेझल तुमच्या हातात आहे त्यांच्याशी सलगी नको, रात्री उशिरा ‘पोर्टफोलिओ बघू’ म्हणून एकट्याला बोलावणं नको. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे; तिच्या सदस्यांची नावं तुमच्या टीमला माहीत आहेत का, ते उद्याच विचारा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त रिव्ह्यूचा क्रम आणि कामवाटपाची शीट. टीममधल्या एकाला, शक्यतो तुमच्याशी कमी पटणाऱ्याला, अधिकार द्या की तुमचा आवाज चढला तर त्याने ‘पाच मिनिटं थांबूया’ म्हणायचं आणि तुम्ही उठून बाहेर जायचं. तो पहिल्यांदा म्हणेल तेव्हा सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघतील. वाद न घालता उठा. पहिल्या दोन-तीन रिव्ह्यूंत नव्या माणसाची पाळी आली की शांतता पसरेल, कारण सगळ्यांना तुमच्या मताची वाट पाहायची सवय झालेली आहे. ती शांतता भरून काढू नका, मनात वीसपर्यंत मोजा. बहुधा पंधराच्या आत कोणीतरी बोलतं.