पाटल्या बँकेत असताना बॅटमॅनची पेटी घ्यावी का?

लातूरच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, खासगी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतात. दहा महिने पगार ३८,००० रुपये, एप्रिल-मेमध्ये निम्मा. घरखर्च २७,०००, एसआयपी ३,०००, बचत खात्यात ५२,०००. लहानपणी केबलवर पाहिलेली 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज' ही मालिका त्यांना सात वर्षांच्या मुलासोबत पाहायला ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या डिस्कवर, घ्यायची आहे. पुण्याचा एक विक्रेता लिमिटेड एडिशनची पेटी २४,००० ला देतोय आणि 'पाच वर्षांत दुप्पट किंमत येईल' असं सांगतोय. प्लेअर ११,००० चा. एकूण ३५,००० रुपये क्रेडिट कार्डाच्या बारा हप्त्यांत भरायचा विचार आहे. साधी पेटी दुसरीकडे ९,००० ला मिळते. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या, ७०,००० चं कर्ज आहे, व्याज ११ टक्के. ती काही म्हणत नाही.'

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पेटीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंत आणि पाटल्यांबद्दल एक ओळ. त्या ओळीकडे मी येतेच, पण आधी पेटीबद्दल बोलू. तुमची आवड मला पटते, आणि 'कार्टूनवर कसले पैसे घालवायचे' म्हणणाऱ्यांतली मी नाही.

१९९२ साली सुरू झालेल्या या मालिकेची पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवलेली आहेत. आधी अंधार, मग त्यातून जेवढा हवा तेवढाच उजेड काढायचा. म्हणून ती मालिका कशावर पाहतो याने खरंच फरक पडतो. मी मिस्टर फ्रीझ या खलनायकाचा 'हार्ट ऑफ आइस' हा भाग, ज्याच्या लेखनासाठी पॉल डिनी यांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, एका स्नेह्यांच्या घरी आधी मोबाईलवर आणि मग डिस्कवर पाहिला. काचेच्या गोळ्यात नाचणारी ती छोटी बाहुली आणि भोवतीचा बर्फ. मोबाईलवर नेट मंदावलं की मागचा काळोख चौकोनी तुकड्यांत फुटत होता. डिस्कवर तोच काळोख अखंड, त्यात निळा रंग हळूहळू विरत जाणारा. हा फरक विक्रेत्याने रचलेला नाही.

२०१८ च्या ब्लू-रे पेटीत पुढची 'न्यू बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स' धरून १०९ भाग आहेत, शिवाय लिमिटेड एडिशनमध्ये दोन चित्रपट. एक भाग साधारण बावीस मिनिटांचा, म्हणजे नुसत्या भागांचेच जवळपास ४० तास. चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचंच ठेवलंय. तुमच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. तो दोष नाही, चित्र ताणून पसरट करू नका. सुरुवातीच्या भागांत मूळ फिल्मवरची धूळ, ठिपके दिसतील, तेही चालवून घ्या. केव्हिन कॉनरॉय यांचा बॅटमॅन आणि मार्क हॅमिल यांचा जोकर इंग्रजीतच ऐकायला मिळेल. पोराला हिंदीत दाखवता येईल असं मात्र धरून चालू नका.

मग २४,००० आणि ९,००० यांत फरक कशाचा? लिमिटेड पेटीवर क्रमांक आहे, आत तीन छोट्या बाहुल्या आहेत, चित्रांची कार्डं आहेत. या जास्तीच्या १५,००० मुळे चित्र तसूभरही उजळ होणार नाही. साधी पेटी घ्या, हे मी ठामपणे सांगते. फक्त तिच्यात ते दोन चित्रपट आहेत का, ते विकणाऱ्याला विचारून घ्या.

'दुप्पट होईल' या बोलण्यावर तर अजिबात विसंबू नका. वाढीव भाव मिळतो तो बहुधा सीलबंद पेटीला. तुम्ही पोरासोबत बघायला घेताय, म्हणजे पहिल्याच दिवशी सील तुटणार. न फोडता माळ्यावर ठेवली, तर तुम्ही पाहणार काय? आणि विकायची वेळ आली तर लातुरात गिऱ्हाईक कुठून आणायचं? सोनं घेऊन गंजगोलाईत गेलात तर तासाभरात पैसे हातात येतात. पेटीचं तसं नाही. साधी पेटी बाजारात आल्यामुळे ज्याला नुसती मालिका हवी, तो लिमिटेडसाठी जादा पैसे कशाला मोजेल?

आता हप्त्यांचं. ३५,००० चे बारा हप्ते म्हणजे व्याज सोडून महिन्याला सुमारे २,९१७ रुपये. पूर्ण पगाराच्या महिन्यात तुमच्याकडे ८,००० उरतात, तेव्हा हे जमेल असं वाटतं. पण एप्रिल-मेमध्ये हातात येतात १९,००० आणि खर्च २७,०००. हप्ता काही निम्मा होत नाही. आणि हेच दोन महिने लातूरला टँकरचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते शहर तुमचं आहे. उन्हाळ्यात पाण्यावर किती जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. रोखीने घ्यायचं म्हटलं तर ५२,००० मधून ३५,००० गेले की उरतात १७,०००. तुमच्या घरखर्चाने ते एकोणीस दिवस पुरतील. वडिलांचं ऑपरेशन नुकतंच होऊन गेलेल्या घरात एकोणीस दिवसांची शिल्लक मला झोपू देणार नाही.

आणि वहिनी काही म्हणत नाहीत, हे मला लागलं. त्यांनी अंगावरचं काढून दिलं ते सासऱ्यांसाठी. त्या मागणार नाहीत म्हणूनच पाटल्या तुम्ही आपणहून आधी सोडवायच्या. हिशेबही तेच सांगतो: ७०,००० वर ११ टक्के म्हणजे वर्षाला ७,७०० रुपये व्याज, जवळजवळ एका साध्या पेटीएवढं.

पूर्ण पगाराच्या महिन्यात ८,००० पैकी ७,००० कर्जात भरा आणि १,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत, फक्त पेटीसाठी. बँकेत जाऊन दोन गोष्टी विचारा: मधेच मुद्दल भरता येतं का, आणि अर्धं कर्ज फिटल्यावर एक पाटली आधी सोडवता येते का. कर्जाची मुदत कधी संपते तेही पाहा, वेळेत नूतनीकरण झालं नाही तर नोटीस येते. एप्रिल-मेमध्ये एसआयपी थांबवा, दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. पगारातली तूट बचतीतून भरली तरी त्यात ३६,००० राहतील. पूर्ण पगाराच्या दहा महिन्यांत मुद्दल फिटतं, त्यावरचं व्याज अकराव्यात. तोवर आवर्ती ठेवीत १०,००० जमलेले असतील. साधी पेटी त्यात बसते, आणि कुणाचा हप्ता डोक्यावर राहत नाही.

प्लेअरचे ११,००० सध्या बाजूलाच ठेवा. भाच्याकडे डिस्क लावायची सोय असलेला पीएस-४ हा गेम खेळायचा संच आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यावर ब्लू-रे चालते. फक्त डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या विभागातल्या यंत्रांवर चालते ते, बघा: भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो, अमेरिका ए मध्ये. विक्रेत्याला लेखी विचारा, 'ही सी वर चालते का?' पेटी बाहेरून मागवणार असाल तर आयात शुल्क, जीएसटी, कुरिअरचा आकार, आणि कार्डावरचा परकीय चलनाचा आकार व त्यावरचा १८ टक्के जीएसटी, हे सगळं धरून घरपोच किंमत किती ते आधी काढा. ९,००० ची पेटी तिथे ९,००० ची राहत नाही.

वर्षभर थांबायचं म्हणजे पोरगं आठ वर्षांचं होईल. या मालिकेसाठी ते वय उलट बरं, बायकोसाठी झुरणाऱ्या फ्रीझचं दुःख त्याला थोडंफार कळेल.

पेटी आली की पहिला भाग बघत बसू नका. सगळ्या डिस्क एकेक करून दोन-दोन मिनिटं लावून पाहा, प्रत्येकीवरचा शेवटचा भाग उघडून पाहा. एखादी अडकत असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत कळायला हवं.