परचेसमधले साहेब बदलले की...

वाचकांचे प्रश्न: कंपनी आणि व्हेंडर

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे सीएनसी वर्कशॉप आहे. एका कंपनीला बारा वर्षे एकच पार्ट देतो. सगळे परचेसमधल्या साहेबांशी तोंडी ठरायचे. ते निवृत्त झाले आणि नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत दरवर्षी 3 टक्के, अशी तीन वर्षे दरकपात मागितली. जुन्या संबंधांची काही किंमतच नाही का?

उत्तर : किंमत आहे, पण ती जुन्या साहेबांच्या डोक्यात होती आणि त्यांच्याबरोबर गेली. फाइलमध्ये जेवढे लिहिलेले असते तेवढेच नव्या माणसाला दिसते. वार्षिक दरकपात ही गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यातली जुनी रीत आहे. त्यामुळे रुसून बसू नका, दराची फोड मांडा.

समजा पार्टचा दर 130 रुपये आहे. कच्चे वजन 1.2 किलो, तयार वजन 0.8 किलो, स्टील 80 रुपये किलो आणि स्क्रॅप 30 रुपये किलो. माल 96 रुपयांचा, त्यातून स्क्रॅपचे 12 गेले, उरले 84. म्हणजे मशिनिंग, रिजेक्शन, पॅकिंग, भाडे, नफा हे सगळे 46 रुपयांत. 130 वर 3 टक्के म्हणजे 3 रुपये 90 पैसे. स्टीलचा दर तुमच्या हातात नाही, तेव्हा ही सगळी कपात 46 मधूनच जाणार, म्हणजे तिथे ती साडेआठ टक्के होते. तिसऱ्या वर्षअखेर दर 118.65 वर येतो आणि तुमच्या 46 चे 34.65 उरतात. जवळजवळ चौथा हिस्सा गेला.

म्हणून दोन गोष्टी मागा. पहिली : मालाचा हिशोब वेगळा. स्टीलचा दर दर तिमाहीला ठरलेल्या आधाराने वर-खाली व्हावा आणि तसा पीओ (कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर) सुधारून मिळावा. किलोमागे 5 रुपये वाढले तर तुमच्या पार्टला 6 रुपये लागतात, कारण हिशोब कच्च्या वजनाचा असतो. परचेसवाले बऱ्याचदा तयार वजन धरून 4 रुपयेच देऊ करतात, तिथे थांबवा. दुसरी : कपात फक्त कन्व्हर्जन कॉस्टवर (दरातून माल वगळून उरते ते). 46 वर 3 टक्के म्हणजे 1 रुपया 38 पैसे, आणि एवढे मशीनवर निघू शकते. मशीनचा तासाचा दर 400 आणि सायकल टाइम (एक पार्ट व्हायला लागणारा वेळ) 3 मिनिटे असेल तर पार्टला 20 रुपये पडतात. इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) बदलून किंवा टूलची हवेतली, म्हणजे न कापता होणारी, धाव कमी करून 15 सेकंद वाचवले तर 18.33. एका वर्षाची कपात भागली. तिसऱ्या वर्षी मात्र अशी सेकंदे उरत नाहीत, हे बैठकीतच बोला.

कपात द्यायचीच असेल तर बदल्यात काही घ्या : पुढच्या महिन्याचे पक्के शेड्यूल, आणि ड्रॉइंग बदलले तर अर्धवट मालाची जबाबदारी कंपनीची. आणि नवा दर कोणत्या तारखेपासून, हे मेलवर लेखी घ्या. मागच्या तारखेपासून लागू केलेल्या कपातीची डेबिट नोट (तुमच्या पैशांतून रक्कम वजा केल्याचा कागद) वर्षअखेरीला येते, तेव्हा पैसे आधीच खर्च झालेले असतात.

प्रश्न : चाकणच्या एका कंपनीकडून पूर्वी 45 दिवसांत पैसे यायचे, आता 90 लागतात. कायदा आमच्या बाजूने आहे म्हणतात. तक्रार केली तर काम जाईल का?

उत्तर : आधी स्वतःचे घर तपासा. जीएसटीआर-1 (विक्रीचे जीएसटी विवरण) उशिरा भरले की तुमचे बिल कंपनीच्या 2बी मध्ये (खरेदीवरच्या करवजावटीचे विवरण) दिसत नाही आणि अकाउंट्स पैसे अडवते. जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) झालेला नसणे हे दुसरे नेहमीचे कारण.

हे दोन्ही ठीक असेल तर 2006 चा एमएसएमई कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्पष्ट संरक्षण देतो. लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे जात नाही; करार नसेल तर 15 दिवस. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे धरतात, म्हणून गेटच्या शिक्क्याचे चलन जपून ठेवा. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागते. उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारकडची नोंद) माल देण्याआधीची असू द्या. मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद होतो.

फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) अर्ज करणे म्हणजे बहुतेक वेळा त्या गिऱ्हाइकाला रामराम. त्याआधी हळू पण परिणामकारक मार्ग आहेत. 45 दिवसांवर थकलेल्या रकमांचे विवरण कंपनीला वर्षातून दोनदा, ऑक्टोबर आणि एप्रिलअखेर, एमएसएमई-1 फॉर्ममध्ये कंपनी रजिस्ट्रारकडे द्यावे लागते. शिवाय 2023-24 पासून मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्राप्तिकरात प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. म्हणून फेब्रुवारीत बिलवार थकबाकीची यादी परचेसला नव्हे, फायनान्सला पाठवा. तिथे ती वाचली जाते. ट्रेड्सचाही (बिलावर बँकांकडून आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) विचार करा : 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केले की बँका बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत मिळतात. पुढे कंपनीने थकवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. पण नोंदणीची सक्ती आहे, बिल मान्य करायची नाही. ती गोष्ट मागून घ्यावी लागते.

प्रश्न : डायचा (पार्ट घडवायच्या साच्याचा) खर्च कंपनीने पीसमागे देऊ केला होता. आता अर्धे काम दुसऱ्या व्हेंडरला गेले. डाय कोणाची?

उत्तर : कागदावर ज्याच्या नावावर लिहिली असेल त्याची. 6 लाखांची डाय 60,000 पीसवर फेडायची ठरली, म्हणजे पीसला 10 रुपये. 35,000 वर काम थांबले तर अडीच लाख अडकले. डायचा वेगळा पीओ हवा आणि त्यात ‘ठरावीक काळात पीस न उचलल्यास बाकी एकरकमी’ हे वाक्य. उलटी चूकही होते : 60,000 नंतर दरातून 10 रुपये काढायचे राहतात आणि दोन वर्षांनी ऑडिटमध्ये मोठी वसुली निघते.

डाय परत मागितली तर अडवून धरू नका. हिशोब आधी मिटवा, मग शेवटचा पीस, फोटो आणि किती शॉट झाले (डाय किती वेळा चालली) हे चलनावर लिहून सही घेऊन द्या. दुसरा व्हेंडर येणे हे नेहमीच वाईट नसते, कंपन्या धोका वाटून घेतात. पण तुमच्या उलाढालीतला त्या एका गिऱ्हाइकाचा वाटा 40 टक्क्यांवर असेल, तर पुढचे नवे मशीन त्याच्या भरवशावर घेऊ नका.

प्रश्न : रविवार पेठेत हार्डवेअरचा व्यापार आहे. उद्यम नोंदणी आहे, मग 45 दिवसांचा नियम आम्हाला लागू होईल?

उत्तर : नाही. व्यापाऱ्यांना उद्यमचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता. उशिराच्या वसुलीचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. तुमच्यासाठी बिलावर छापलेली व्याजाची अट, कंपनीच्या पीओत तिचा उल्लेख आणि उधारीची मर्यादा. मर्यादा ओलांडली की पुढचा टेम्पो भरण्याआधी फोन करा, नंतर नाही.