बी.यू. पाहिल्याशिवाय चावी घेऊ नका

ताई, बडोद्यातला वाघोडिया रोडचा तुमचा फ्लॅट तयार आहे, बिल्डर म्हणतोय "राहायला या, बी.यू. महिन्याभरात येईल", आणि दसऱ्याला वास्तुशांत करून दांडिया बाजारची भाड्याची जागा सोडावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं ऐकाल तर थांबा.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक ज्याला भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात, तीच आपली बिल्डिंग यूज परमिशन, म्हणजे बी.यू.: इमारत वापरायची, राहायला जायची परवानगी. रजाचिठ्ठी वेगळी, ती बांधकाम सुरू करण्याची. साइट ऑफिसात बिल्डर पुढे करतो ती बरेचदा रजाचिठ्ठीच असते.

"फक्त कागद बाकी आहे" हे आम्हालाही सांगितलं होतं. नकाशात तळमजल्यावर पार्किंग होतं, प्रत्यक्षात तिथे दोन गाळे उभे होते आणि बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेत, वॉचमनची खोली. तपासणीला आलेल्यांनी टेप लावली आणि फाइल तिथेच थांबली. आम्ही चार कुटुंबं तोवर सामानासकट आत. चौदा महिने टँकरचं पाणी, बांधकामाच्या मीटरवरची वीज. लिफ्टचं लायसन्स नाही म्हणून ती बंद. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून तीन मजले उतरवायचो. बिल्डरला घाई कसली? पैसे त्याला पूर्ण मिळाले होते.

म्हणून गुजरेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं गुजरातचं रेरा प्राधिकरण) वेबसाइटवरून तुमच्या प्रकल्पाचा मंजूर नकाशा काढा आणि एखाद्या रविवारी टेप घेऊन दोघं जा. पार्किंग, चारी बाजूंचं मार्जिन, जिन्याची रुंदी, गच्ची एवढं नकाशाशी ताडून पाहा. फरक दिसला तर महिन्याचा वायदा खरा धरू नका. बी.यू. आली तरी ती तुमच्याच टॉवरची आहे ना, तेही वाचा. एकाच स्कीममध्ये ती टप्प्याटप्प्याने मिळते. फायर एनओसी लागू असेल तर तीही मागा.

बिल्डर "नंतर इम्पॅक्ट फी भरून टाकू" (म्हणजे पैसे भरून बेकायदा बांधकाम नियमित करून घेऊ) म्हणाला तर भुलू नका. इम्पॅक्ट फीचा २०२२ चा कायदा १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीच्या बांधकामांसाठी होता.

कायदा तुमच्या बाजूने आहे. रेरा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हे प्रमाणपत्र मिळवणं बिल्डरचं काम; कलम १९ प्रमाणे तुम्ही ताबा घ्यायची दोन महिन्यांची मुदत ते मिळाल्यावर सुरू होते. म्हणजे "आता चावी घेतली नाहीत तर मेंटेनन्स लावीन" या धमकीला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयानेही १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बजावलंय, प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याचं कनेक्शनही नाही. ताब्याच्या वेळचा हप्ता करारात असेल, तर तो बी.यू. पाहूनच द्या. तेवढाच हप्ता तुमच्या हातात उरलाय.

मुहूर्ताचं तुमच्या आईंना वाईट वाटेल, ते कळतं मला. पण घरमालकांशी आजच बोलून भाडेकरार वाढवून घ्या. आणि नकाशातलं पार्किंगचं पान समजलं नाही तर मला पाठवा, काय मोजायचं ते खुणा करून देते.