रावेला निघालेल्या कृषिकन्येसाठी

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात रावेसाठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात जाशील, तेव्हा पहिले काही दिवस फक्त ऐक. बांधावर बस, चहाला नाही म्हणू नकोस. तक्ते-भाषणं नंतर.

माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक मात्र मनापासून कर. बांध, झाड, उकिरडा यांच्याजवळची जागा सोड. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, साधारण २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी गोणपाटावर मिसळ, चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. खुरपं शेतकऱ्याच्या हातात दे, तू शेजारी बस.

अहवाल आला की तो घरी नेऊन वाचून दाखव. नमुना नेतात आणि अहवाल पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपलं राहुरीचं विद्यापीठ १९६८ पासूनचं. त्याच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने दिलेला फुले २६५ हा उसाचा वाण क्षारयुक्त जमिनीतही तग धरतो. पण तुझ्या गावच्या पाटाकडेच्या चोपणीत, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या खारवट जमिनीत, तो कसा येतो, तोडणीनंतर खोडवा कसा फुटतो, हे तिथल्या काकांनाच विचार. तारीख घालून वहीत टिप आणि परतल्यावर मॅडमना दाखव.