कॅन्सर श्रीमंताघरचा की गरिबाघरचा? : वाचकांचे प्रश्न

निवृत्त मुख्याध्यापक, जुळे सोलापूर : कुठे वाचतो की सधन कुटुंबांत कॅन्सरचे प्रमाण जास्त, कुठे वाचतो की गरिबांत जास्त. नेमके खरे काय धरायचे?

दोन्ही खरे असू शकते, कारण 'प्रमाण' या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. वर्षभरात नव्याने किती जणांना कॅन्सर झाला, ही एक. कॅन्सर झालेले किती जण आज हयात आहेत, ही दुसरी. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका वस्तीत लाखामागे वर्षाला 100 नवे रुग्ण होतात आणि निदानानंतर सरासरी 2 वर्षे जगतात. तिथे एका वेळी सुमारे 200 रुग्ण सापडतील. दुसऱ्या वस्तीत नवे रुग्ण 70च, पण ते 8 वर्षे जगतात. तिथे सापडतील 560. कॅन्सर कमी जणांना होतो त्या वस्तीत रुग्ण मात्र जवळजवळ तिप्पट! पाहणी करणारा दारात येऊन "घरात कोणाला कॅन्सर आहे का" असे विचारतो, तेव्हा गेलेला माणूस हात वर करायला नसतो.

दुसरी गोम तपासणीची. पैसा असला की तपासण्या होतात आणि तपासण्या झाल्या की एरवी कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही सापडतात. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि 2011 साली थायरॉइड कॅन्सरचे निदान 1993च्या 15 पट झाले. त्याने मरणाऱ्यांची संख्या होती तिथेच राहिली.

तरीही सगळा खेळ आकड्यांचाच नाही. उशिरा लग्न, कमी मुले, वाढते वजन यांनी स्तनाचा कॅन्सर खरोखरच वाढतो आणि या गोष्टी शहरी, सधन घरांत जास्त. गरिबाघरी तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा जास्त. 2022च्या जागतिक आकडेवारीनुसार अतिविकसित देशांत 12 पैकी एका स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो आणि 71 पैकी एक त्याने दगावते. अल्पविकसित देशांत तो 27 पैकी एकीला होतो, पण दगावते 48 पैकी एक. होतो निम्म्याहून कमी जणींना, मारतो जास्त जणींना. उत्पन्नाचा संबंध कुठे आहे ते या दोन जोड्यांत दिसते.

आपल्या दाराशी पाहायचे तर बार्शीला 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे. शेजारच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि बीडची 2012–16ची नोंद वर्षाला लाखामागे नवे रुग्ण पुरुषांत 39.5 आणि स्त्रियांत 49.4 अशी होती. देशातल्या नोंदणी केंद्रांत सर्वांत कमी. हा दर वयाचा फरक काढून टाकलेला आहे, म्हणून 'खेड्यात तरुण जास्त' हे कारण इथे चालत नाही. काही भाग खरोखर कमी कॅन्सरचा, काही भाग निदानापर्यंत न पोचलेल्यांचा. दुसरा भाग किती, हे नोंदवहीत दिसत नाही.

एक वाचक, कुंभारी : आई 30 वर्षे बिड्या वळते आणि दोन वेळा मशेरी लावते. बिड्या वळल्याने कॅन्सर होतो का? तपासणी कुठे आणि कशी करावी?

बिडी ओढण्याने कॅन्सर होतो हे पक्के आहे. वळण्याने तो थेट होतो, याला तितका ठाम पुरावा नाही. मात्र सुपातल्या जर्द्याची धूळ श्वासात जाते, निकोटिन बोटांच्या कातडीतून शिरते, खोकला-दमा मागे लागतो. काम दाराशी, उजेडात, वारा पाठीमागून येईल असे बसून करावे. नाका-तोंडाला सुती फडके बांधावे. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. तान्ह्याला मांडीवर घेऊन वळणे बंदच करावे.

आईच्या बाबतीत खरा धोका मशेरीचा. ती तंबाखूच आहे, तव्यावर काळी करून कुटलेली. 'दात साफ करायला लावते' म्हणणाऱ्या बाईला आपण तंबाखू खातो असे वाटतच नाही, म्हणून डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारले की उत्तर 'नाही' येते. 2016–17च्या पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के निघाले. घरात हीच दुसरी तंबाखू असते.

तोंड घरीच महिन्यातून एकदा बघता येते. चूळ भरून, उजेडाकडे तोंड करून, आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. आधी खालचा ओठ उलटा करून हिरड्यांशी जिथे ती मशेरी घासते ती जागा बघा, मग दोन्ही गालांची आतली बाजू. जीभ रुमालाने धरून दोन्ही कडा बघा, जीभ टाळूला लावून खालची जागा बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, विनाकारण हललेला दात, यातले काहीही असले तर दाखवायचे. शेवटी आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहायचे. दोनच जात असतील तर गालाची कातडी आवळू लागली आहे. मावा-सुपारी खाणाऱ्यात हे जास्त दिसते.

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखतच नाही. हमखास बिघडते ते असे : तोंड आले समजून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ग्लिसरीनवर तीन-चार महिने जातात, किंवा हलणारा दात कुठेतरी उपटून घेतला जातो आणि ती जखम भरत नाही. 'सुई लावली की पसरतो' या भीतीने तुकडा तपासायला न देणे, हे तिसरे.

तीस वर्षांपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात फुकट असते. आशाताई आधी एक फॉर्म भरतात. गुण 4 च्या वर गेले तर आधी बोलावतात. त्यात तंबाखूचा रकाना आहे, तिथे मशेरी सांगायची. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरेपणा पाहतात. पाळीच्या दिवसांत जाऊ नये. पाळी थांबलेल्या बायकांत ही तपासणी नीट कळत नाही, कारण पाहायची जागा आत सरकते. त्यांनी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासणे) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी मागावी. उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात (2009 साली प्रसिद्ध) आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले होते. तरी 2019–21च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेल्या होत्या 1.9 टक्के.

समाजकार्याची विद्यार्थिनी, सोलापूर : पूर्व भागातील 400 घरांत उत्पन्न आणि कॅन्सर यांची पाहणी करायची आहे. प्रश्नावली कशी असावी?

आधी गणित करा. देशात गेल्या पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले सुमारे 32 लाख, म्हणजे प्रौढांत लाखामागे सव्वातीनशेच्या आसपास. 400 घरांत 1200 प्रौढ धरले तर हाती लागतील चार जण. चार जणांना उत्पन्नाच्या पाच गटांत वाटून निष्कर्ष निघत नाही. त्यापेक्षा 'तपासणी कधी झाली का' आणि 'पहिले लक्षण ते पहिला डॉक्टर किती दिवस' हे विचारा, तिथे 400 घरे पुरतात.

'महिन्याचे उत्पन्न किती' असे विचारू नका. यंत्रमागावर पगार आठवड्याचा, बिडीला मजुरी हजार बिड्यांमागे. गेल्या आठवड्यात किती हजार दिल्या, छाट (नापास ठरवलेल्या बिड्या) किती गेली, दर काय, असे विचारून तुम्हीच महिना काढा. घरातल्या माणसांनी भागायला विसरू नका. घराचा आर्थिक स्तर ठरवायला पाहण्यांत दोन श्रेणी वापरतात : प्रसाद श्रेणी दरडोई उत्पन्नावर आहे, कुप्पुस्वामी श्रेणीत शिक्षण-व्यवसायासोबत कुटुंबाचे उत्पन्न धरतात. दोन्हींचे रुपयांचे टप्पे जुने आहेत, चालू महागाई निर्देशांकाने वाढवूनच वापरायचे. रुग्णाच्या घरी उत्पन्न निदानाच्या आधीच्या वर्षाचे विचारा. आजाराने मजुरी बुडते, माग विकला जातो. आजचे उत्पन्न लिहिले तर 'गरिबीने कॅन्सर झाला' असा उलटाच अर्थ निघेल. वयही लिहा. पेन्शनवरच्या घरांत उत्पन्न कमी आणि कॅन्सर जास्त दिसतो तो वयामुळे.

यंत्रमाग कारखानदार, अक्कलकोट रोड : पांढरे रेशन कार्ड आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार मिळेल का?

मिळतो. पूर्वी पिवळे आणि केशरी कार्डच चालायचे. आता पांढऱ्यासह सर्व कार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि फोटोचे ओळखपत्र घेऊन आधी नोंद करा. उपचाराला पूर्वमंजुरी लागते. नोंदीआधी खिशातून भरलेले पैसे परत मिळतील हे धरून चालू नका. घोडे अडते ते नावावर : सुनेचे नाव सासरच्या कार्डावर चढलेले नसते, किंवा कार्डावर एक आणि आधारवर दुसरे स्पेलिंग असते. दुरुस्तीचा अर्ज आज करून ठेवा, आजारपणात पुरवठा कार्यालयाच्या फेऱ्या झेपत नाहीत. शंका असल्यास 155388 वर विचारा.