वाचकांचे प्रश्न : चार पुस्तके आणि एकच परीक्षण

प्रश्न : नोकरीसाठी मी ठाण्याहून रोज लोकलने मुंबईला जाते. गेल्या आठवड्यात, बरेच दिवस चाललेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ संपली आणि त्याशिवाय एका जपानी कादंबरीचा मराठी अनुवाद, एक कवितासंग्रह आणि ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवरची पुस्तिका वाचून झाली. सोसायटीच्या वाचनकट्ट्यासाठी लिहायला बसले, तर चौघांवरही ‘ओघवती भाषा’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘संग्रही असावे असे’ हेच उतरले. इतके निरनिराळे एकाच वेळी वाचणे चुकते आहे का? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : वाचन मुळीच चुकलेले नाही, असा भरगच्च आठवडा वाट्याला आला याचा आम्हाला आनंदच वाटतो. चूक आहे ती चौघांना एकच प्रश्न विचारण्यात. ‘आवडले का?’ या प्रश्नाचे उत्तर चारही वेळा ‘हो’ असेच येणार आणि मग तीच विशेषणे हाताशी येणार.

पक्ष्यांच्या पुस्तिकेचे परीक्षण घरात बसून होत नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले, की ती घेऊन खाडीवर जावे. मोठा रोहित आणि धाकटा रोहित या दोन जाती. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी असते, तर धाकट्याची जवळजवळ सगळीच गडद असते. हा फरक पुस्तिकेतल्या चित्रावरून दुर्बिणीतून ओळखता आला की नाही, एवढे प्रामाणिकपणे लिहिले तरी वाचनकट्ट्यावरच्या माणसाला ती विकत घ्यावी की नाही हे कळेल.

‘स्मृतिचित्रे’ला निराळा प्रश्न हवा. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे कोसळले ते सांगतानाही त्यांची घरगुती, बोलती मराठी जड होत नाही. ही किमया कुठल्या वाक्यात घडते, ते एक वाक्य शोधून उतरवून काढावे आणि परीक्षण त्याच्याभोवती लिहावे. ‘ओघवती’ हा शब्द मग लागणारच नाही. शिवाय लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या आणि अपुरा राहिलेला शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी पूर्ण केला. आपण तो भाग नुकताच वाचला आहे, तेव्हा लेखणी बदलल्याचे कानाला जाणवले का, हे आपल्याइतके ताजेपणाने आज कोण सांगू शकेल?

अनुवादाबाबत आमचा आग्रह आहे, की अनुवादकाचे नाव पहिल्याच परिच्छेदात यावे. तो थेट जपानीवरून केला आहे की इंग्रजीवरून, हे बहुधा सुरुवातीच्या पानांवर किंवा मनोगतात सापडते, तेही नोंदवावे. कवितासंग्रहातल्या दोन ओळी द्याव्यात आणि कोणता शब्द काढला तर त्या ढासळतात ते सांगावे, तेवढे पुरते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. लोकलमध्ये उभ्याने वाचताना टिपण शक्य नसते, म्हणून पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी आणि घरी आल्याबरोबर तिच्यावर फक्त पान क्रमांक आणि एक शब्द लिहावा. ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र पेन्सिलीची खूणही करू नये. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभे आहे. तिथल्या जुन्या पुस्तकाच्या समासात दुसऱ्याचे मत आधीच बसलेले असले, तर नव्या वाचकाची पहिली भेट हिरावली जाते.

प्रश्न : न आवडलेल्या पुस्तकावर लिहावे का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : जरूर लिहावे. लेखकाने काय करायचे ठरवले होते ते आधी नीट सांगावे, मग ते कुठे फसले ते उदाहरणासह दाखवावे. पुस्तक अर्ध्यावर सोडले असेल, तर कितव्या पानावर सोडले तेही पहिल्या ओळीतच लिहावे.